सुरुवातीपासून म्हणू का, बाबा?

माझी धाकटी मुलगी तिसरीत असताना जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी तिला सहज विचारले, "सात आठे किती?" तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सुरुवातीपासून म्हणू का, बाबा?" मी हो म्हटले. मग सात एके सातपासून निघून, मध्ये श्वासही न घेता, ती सात आठे छप्पन्नवरून पुढे गेली आणि सात दाहे सत्तरवर जाऊन उभी राहिली. मी पुन्हा विचारले, "मग सात आठे किती?" तिने पुन्हा सात एके सातपासून सुरुवात केली.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितो. बेदाणा आणि हळद यांच्या हिशेबपट्ट्या, हमाली, तोलाई, वजावटी असे दिवसभर गुणाकारच चाललेले असतात, त्यामुळे आपल्या घरात या विषयाची अडचण येईल असे मला कधी वाटले नव्हते. आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोति झाल्यावर परवचा, म्हणजे मोठ्याने पाढे, म्हणण्याची पद्धत माझ्या वडिलांपासून आहे. थोरली मुलगी त्याच परवच्यावर तयार झाली. धाकटीही बे ते दहा पाढे खणखणीत म्हणत असे, म्हणून तिला ते येतात असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. शाळेत बाईंनी मात्र निराळे सांगितले. पाढे म्हणायला सांगितले तर ती वर्गात सर्वांच्या पुढे असते, पण फळ्यावर गुणाकाराचे उदाहरण आले की तिची पेन्सिल थांबते, आणि बाकीची मुले उत्तर लिहून मोकळी होईपर्यंत ती ओठ हलवत बसलेली असते.

त्यानंतरचे काही दिवस मी जे केले त्याचे मला आजही वाईट वाटते. पाढे अजून पक्के झालेले नाहीत एवढाच अर्थ मी काढला आणि एकदा होणारा परवचा दोनदा सुरू केला. त्याने फरक पडेना तेव्हा मोबाइलवरचे घड्याळ लावून प्रश्न विचारू लागलो. घड्याळ समोर आले की तिला येत असलेली उत्तरेही येईनाशी झाली. संक्रांतीला तिळगूळ द्यायला पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर मी तिला "आठ सक किती, सांग बघू" असे विचारले. ती गप्प उभी राहिली आणि थोरलीने पटकन "अठ्ठेचाळीस" म्हणून टाकले. त्या रात्री धाकटी परवच्याला बसली नाही, पोट दुखते म्हणाली. चार दिवस तिचे पोट रोज त्याच वेळी दुखत राहिले.

वाट सापडली ती माझ्या आईमुळे. ती माळ ओढत बसलेली असते, पण तिचे लक्ष सगळीकडे असते. पाचव्या दिवशी ती मला म्हणाली, "अरे, तिला सक म्हणजे काय ते ठाऊक आहे का, विचार की आधी." मला हा प्रश्न विचित्रच वाटला, पण मी विचारला. धाकटी म्हणाली, "सक म्हणजे पाचेच्या नंतर येतं ते." मी पुढे चोक विचारले, त्रिक विचारले. त्रिकात तिला तीनाची थोडी चाहूल लागली होती, चोक म्हणजे चार वेळा हे तिला माहीत नव्हते, आणि नव्वेला तिचे उत्तर होते "नव्वद". म्हणजे ज्या शब्दांवर सगळा पाढा उभा आहे ते एके, दुणे, त्रिक, चोक, पाचे, सक, साती, आठे, नव्वे, दाहे हे शब्द तिच्या लेखी आरतीच्या ध्रुवपदासारखे होते, त्यांची चाल होती पण त्यांत संख्या नव्हती. आपण मोठी माणसे हे शब्द इतक्या लहानपणी शिकलेलो असतो की त्यांना अर्थ असतो हेच विसरून जातो.

त्या दिवसापासून पंधरा दिवस आम्ही परवचा पूर्ण बंद ठेवला. आईला ते आवडले नाही, पण वाट तिनेच दाखवली असल्यामुळे ती काही बोलली नाही. या पंधरा दिवसांत आम्ही फक्त वाटे मांडले. चिंचोक्यांचे, शेंगदाण्यांचे, चहाच्या कपांचे. "चार चोक" म्हटले की चाराचे चार ढीग, "तीन सक" म्हटले की तिनाचे सहा. ढीग मांडून झाले की ते मोजायचे, आणि मोजताना एकेक न मोजता ढिगाने मोजायचे, तीन, सहा, नऊ, बारा असे. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला गेलो की पायऱ्या चढताना तीच मोजणी पायांनी होई. हे सगळे तिसरीच्या मुलीला पोरकट वाटेल अशी मला भीती होती, परंतु तिला ते मुळीच तसे वाटले नाही, उलट पोट दुखायचे थांबले.

दुसरी अडचण त्याच सुमारास कळली आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या भाषेतील आहे आणि तिच्याविषयी पालक फारसे बोलत नाहीत. मी तिला वीस संख्या तोंडी सांगून लिहायला लावल्या. त्यांतल्या सात चुकल्या. त्रेसष्ट सांगितले तर तिने ३६ लिहिले, कारण कानावर आधी तीन येतो आणि मग साठ. एकोणपन्नास सांगितल्यावर तिने ५९ लिहिले, कारण पन्नास तिला स्पष्ट ऐकू आले होते आणि एकोण हा शब्द नऊ असलेल्या संख्येत येतो एवढे तिला आठवत होते. म्हणजे तिला सात साती एकोणपन्नास हे तोंडपाठ होते, ते बरोबरही होते, आणि तरीही वहीत चुकीचे उत्तर पडत होते. मी मात्र तिला पाढा येत नाही असे समजून तोच पाढा आणखी घोकून घेत होतो.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या सोबतीने वीस एक, वीस दोन अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या बदलामागची भूमिका मांडली होती, की मराठी संख्यानामांतील जोडाक्षरे आणि उलटा क्रम मुलांना जड जातो. मी त्या वेळी दुकानात बसून या बदलावर तावातावाने बोललो होतो, आपली भाषा मोडून टाकतात की काय असे मला वाटले होते. माझ्या मुलीच्या वहीतले ३६ पाहिल्यावर मला ते बोलणे आठवले. जुनी नावे जावीत असे मी आजही म्हणणार नाही, कारण बाजारात, घरात, गाण्यात तीच आहेत. पण संख्या पक्की होईपर्यंत "त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन" असे दोन्ही म्हणण्यात मुलाचे काहीच नुकसान नाही, आणि आम्ही तसेच केले. एकोणविषयी आजीने समजावले. एकोण म्हणजे एक उणा. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी. हे कळल्यावर धाकटीने एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर ही सगळी नावे स्वतःच उलगडून पाहिली, एकोणऐंशी आणि एकोणनव्वदपर्यंत गेली, आणि मग नव्व्याण्णव तसे का नाही म्हणून आजीशी वाद घातला.

फेब्रुवारीच्या एका रविवारी आम्ही तासगावजवळ तिच्या आजोळी गेलो. द्राक्षाचा हंगाम जोरात होता, शेतात पेट्या भरणे चालले होते. आमच्याकडे द्राक्षाचा सौदा चार किलोच्या पेटीवर होतो, त्यामुळे चाराचा पाढा तिथल्या कामगार बायकांच्या तोंडी दिवसभर असतो. सात पेट्यांची थप्पी म्हणजे अठ्ठावीस किलो हे त्या पेन्सिल न लावता सांगतात, आणि धाकटी एका पेट्यांच्या थप्पीजवळ उभी राहून बराच वेळ ते ऐकत होती. पण तिच्या डोक्यात खरा उजेड पडला तो बागेत. माझ्या सासऱ्यांची बाग नऊ बाय पाच अंतरावर लावलेली आहे, म्हणजे दोन ओळींत नऊ फूट आणि एका ओळीतल्या दोन झाडांत पाच फूट. बागेच्या कडेला एक लहान तुकडा आहे. त्यात आठ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत सात झाडे. मी तिला तिथे नेले आणि एकूण झाडे किती ते विचारले, मात्र एकेक मोजायचे नाही असे सांगितले. ती ओळीच्या तोंडाशी उभी राहून सात, चौदा, एकवीस करत पुढे सरकली आणि छप्पन्नवर थांबली. मग मी तिला तुकड्याच्या दुसऱ्या कडेला नेले, जिथून ओळींच्या आडवे दिसते. तिथून आठ-आठ झाडांच्या सात रांगा दिसतात. ती आठ, सोळा, चोवीस म्हणत निघाली, मध्येच थांबली आणि ओरडली, "बाबा, झाडं तीच आहेत की!"

सात आठे आणि आठ साती यांचे उत्तर एकच असते हे तिने दोन्ही पाढ्यांत शेकडो वेळा म्हटले होते. ते एकच का असते हे तिला त्या क्षणी दिसले. तिच्या आजोबांना या शोधाचा आनंद माझ्याइतकाच झाला असावा, कारण त्यांनी तिला बाजूच्या बांधावर बसवून नऊ पाचे पंचेचाळीस, म्हणजे एका झाडाच्या वाट्याला पंचेचाळीस चौरस फूट जमीन येते हे काठीने मातीत आखून दाखवले. एकराचे चाळीस गुंठे, गुंठा तेहेतीस बाय तेहेतीस फुटांचा, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि एकर ४३,५६० चौरस फुटांचा. या अंतराने एकरात ९६८ झाडे बसतात. त्यातले बरेच तिला तेव्हा कळण्यासारखे नव्हते, पण आजोबांच्या एकराच्या पोटात नऊ पाचे पंचेचाळीस दडलेले आहे ही गोष्ट ती घरी येईपर्यंत बोलत होती.

त्याच रात्री मी जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे दहा आडव्या आणि दहा उभ्या रकान्यांचा तक्ता आखला. शंभर घरे झाली. पाठ करायची शंभर उत्तरे, या आकड्याचे ओझे मुलांना किती वाटत असेल हे तो तक्ता समोर धरल्यावर मला पहिल्यांदा जाणवले. मग बागेतला शोध वापरून, उलटसुलट सारखी असलेली घरे आम्ही एकदाच धरली. शंभराची पंचावन्न झाली. एकाचा आणि दहाचा पाढा तिला येतच होता, ती घरे रंगवून टाकल्यावर छत्तीस उरली. बेचा पाढा म्हणजे दुप्पट आणि पाचाचा पाढा घड्याळाच्या मिनिटांमुळे पक्का, ती घरे गेल्यावर एकवीस राहिली. तिने ती दोनदा मोजली, कारण तिचा विश्वास बसेना.

नवाचा पाढा एकोणमुळे सोपा गेला. नऊ म्हणजे दहाला एक उणा, म्हणून सात नव्वे काढायचे तर सात दाहे सत्तर करायचे आणि त्यातून सात काढायचे, त्रेसष्ट. उत्तराच्या दोन अंकांची बेरीज नऊ येते हे तिने स्वतःच पाहिले. चाराचा पाढा दुपटीची दुप्पट आणि आठाचा त्याचीही दुप्पट, असे तिने सासऱ्यांच्या पेट्यांवरून बांधून घेतले. सहाचा पाढा पाचाहून एक घास जास्त. म्हणजे सहा साती म्हणजे पाच साती पस्तीस आणि आणखी सात, बेचाळीस. या युक्त्यांना मी उत्तर मानत नाही, त्या उत्तरापर्यंत पोहोचायच्या पायवाटा आहेत. पण उत्तर विसरलेल्या मुलाने अंधारात उभे राहण्यापेक्षा अशा पायवाटेने घरी पोहोचणे मला फार मोलाचे वाटते. धाकटीने सुरुवातीपासून म्हणायचे सोडले ते याच काळात. तिला आता पाढ्याच्या मध्येच शिरता येऊ लागले होते.

नऊची घरे गेल्यावर तक्त्यात पंधराच घरे कोरी राहिली. तीन, चार, सहा, सात आणि आठ यांची आपापसातली. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून आम्ही त्यांचे पंधरा पत्ते केले, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर. रोज फक्त तीन नवे पत्ते, त्यात चांगले येणारे पाच-सहा मिसळायचे, आणि स्वयंपाकघरात पोळ्या होत असतील तेवढा वेळच बसायचे. बरोबर आलेला पत्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा, मग दोन दिवस सोडून, मग आठवड्याने, आणि चुकला तर तो परत रोजच्या गठ्ठ्यात. घड्याळ कुठेही नाही. उत्तर चुकले तर मी चूक हा शब्द न वापरता "कशावरून?" एवढेच विचारत असे. पहिले काही दिवस या "कशावरून"ला तिच्याकडे उत्तर नसे. नंतर ती स्वतःच "थांबा, पस्तीस आणि सात" असे म्हणून उत्तर दुरुस्त करू लागली.

सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते दोन पत्त्यांनी. सात आठे आणि सहा आठे. त्यातही सात आठेला ती अनेकदा चोपन्न म्हणे. हा गोंधळ गणिताचा नव्हता, चोपन्न आणि छप्पन्न हे शब्द कानाला इतके जवळचे आहेत की मलाही लहानपणी ते अडले असतील. नवाच्या पाढ्यातला तिचाच शोध इथे उपयोगी पडला. चोपन्नातल्या पाच आणि चाराची बेरीज नऊ, म्हणून चोपन्न नवाच्या घरचे, सहा नव्वे. छप्पन्नातल्या पाच आणि सहाची बेरीज अकरा, म्हणून ते नवाच्या घरचे असूच शकत नाही. हे कारण तिने मला एका संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसून समजावले. त्यानंतर चोपन्न पुन्हा चुकीच्या जागी आले नाही.

मार्च संपताना परवचा पुन्हा सुरू झाला, आणि तो धाकटीच्या हट्टामुळे. आजीबरोबर म्हणण्यात तिला मजा वाटत होती आणि आता प्रत्येक ओळीत काय आहे हे तिला ठाऊक होते. पाठांतराला वाईट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण पाढ्यांची ती लय मनात बसलेली असल्यामुळे आज हिशेब करताना मला विचार करावा लागत नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत क्रम चुकला होता. अर्थ आधी आला असता तर तीच लय तिच्या कामाला आली असती, आणि झालेही तसेच, फक्त तीन महिने उशिरा.

एप्रिलमध्ये तिने आजीला विचारले की तुमच्या वेळी आणखी कोणते पाढे होते. माझी आई त्या दिवशी फार खुलली. तिने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी अशी सगळी नावे सांगितली आणि दिडकी म्हणूनही दाखवली. हे पाढे त्या पिढीला का लागत हे मी मुलींना समजावले. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांतच सगळा बाजार चाले, आणि १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाल्यावर त्यांची गरज हळूहळू ओसरली. आमच्या यार्डातले जुने व्यापारी अजूनही दराचा दीडपट, अडीचपट हिशेब तोंडी करतात तो त्याच शिदोरीवर. धाकटीने दिडकी पाठ करण्याआधी आजीला अडवले आणि विचारले, "सातची दीडपट म्हणजे सात आणि साताचे अर्धे ना?" आजी म्हणाली, "हो गं, साडेदहा." तेवढे कळल्यावर तिने बाराची दीडपट स्वतः काढून सांगितली.

आता ती चौथीत आहे आणि भागाकार सुरू झाला आहे. दिनदर्शिकेमागचा तो तक्ता आम्ही टाकलेला नाही. छप्पन्नाचे आठ वाटे केले तर एकेका वाट्याला किती हे काढताना ती त्यावर छप्पन्नाचे घर शोधते, तिथून बोट आडवे सरकवून कडेच्या साताशी थांबते आणि मग वहीत उत्तर लिहिते. सहा आठेचा पत्ता मात्र अजून रोजच्या गठ्ठ्यातच आहे.